द्वितीया घेणारी जर्मन अव्यये आणि किनवटचा विद्यार्थी

जर्मन भाषेच्या प्राथमिक पुस्तकात पहिल्या काही पाठांनंतर पाच शब्दांची एक यादी येते : डुर्श, फ्यूर, गेगन, ओने, उम. (यांतील ‘डुर्श’चा अंत्य ध्वनी आपल्या श आणि ह यांच्या दरम्यानचा आहे, नागरीत तो याहून जवळ आणता येत नाही.) अनुक्रमे ‘मधून’, ‘साठी’, ‘विरुद्ध’, ‘शिवाय’ आणि ‘भोवती’ असे त्यांचे अर्थ दिलेले असतात, आणि खाली एक ओळीचा नियम असतो की, ही अव्यये नामापूर्वी येतात व त्या नामाची द्वितीया विभक्ती मागतात. ‘बिस’ म्हणजे ‘पर्यंत’ हा शब्द काही पुस्तके याच यादीत घालतात, काही पुढे ढकलतात. विद्यार्थी ही यादी पाढ्याप्रमाणे पाठ करतो. परीक्षेत यादी विचारली तर ती बिनचूक येते. वाक्य लिहावयास सांगितले तर मात्र त्याच शब्दांपुढे चतुर्थी येऊन बसते. असे का व्हावे, याचे कारण जर्मन भाषेत शोधून सापडत नाही. ते विद्यार्थ्याच्या स्वतःच्या भाषेत आहे, आणि त्याचाच विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

या विचारास आज एक व्यावहारिक निकडही आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासन आणि जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग हे राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळ पाठविण्याविषयी करार झाला. पहिल्या टप्प्यात दहा हजार तरुणांना पाठविण्याचे उद्दिष्ट ठरले आणि त्यासाठी जर्मन शिकविण्याची योजना आखण्यात आली. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या काही संस्थांपुरता मर्यादित राहिलेला हा विषय जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावांपर्यंत येऊन पोहोचला आहे. परिचारिकेला तेथे व्यवसायाची पूर्ण मान्यता मिळावयाची तर युरोपीय मोजणीतील बी-२ ही भाषापातळी सामान्यतः लागते, आणि त्या पातळीवर विभक्तीची चूक क्षम्य मानली जात नाही. ते योग्यही आहे. ‘आउफ डेन र्‍युकन’ म्हणजे ‘पाठीवर (निजवा)’ आणि ‘आउफ डेम र्‍युकन’ म्हणजे ‘पाठीवर (निजलेला आहे)’. रुग्णालयातील त्रोटक टिपणात क्रियापद गाळलेले असले, तर कृती करावयाची आहे की स्थिती सांगितली आहे, हे एका न-म च्या फरकावर ठरते.

आता मूळ अडचणीकडे वळू. ‘त्याने मला पाहिले’ आणि ‘त्याने मला पुस्तक दिले’ या दोन वाक्यांत ‘मला’ हे रूप एकच आहे. पहिले कर्म आहे, दुसरे संप्रदान. परंतु रूपावरून ते ओळखता येत नाही. दादोबा पांडुरंगांच्या १८३६ च्या व्याकरणापासून आपण संस्कृतच्या चौकटीप्रमाणे विभक्ती मोजत आलो आणि शाळेच्या कोष्टकात द्वितीयेपुढे ‘स, ला, ते’ व चतुर्थीपुढेही ‘स, ला, ते’ लिहीत आलो. नावे दोन राहिली, रूप एक झाले. संस्कृतात मात्र ‘मां पश्यति’ आणि ‘मह्यं ददाति’ असा उघड भेद आहे, आणि जर्मनमध्येही ‘मिश’ आणि ‘मीर’ ही दोन रूपे तशीच वेगळी आहेत. मराठी भाषकाने ‘मिश’ कोठे व ‘मीर’ कोठे हे ठरवावयाचे म्हणजे जो भेद त्याचा कान शेकडो वर्षांपूर्वी विसरला तो पुन्हा ऐकावयास शिकणे होय.

येथे किनवटचा मुद्दा येतो. पैनगंगेच्या काठचा हा तालुका १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता; त्या वर्षी तो नांदेड जिल्ह्यात आला. आजही मुदखेड-आदिलाबाद लोहमार्गावरील या गावी मराठीच्या जोडीला तेलुगू, दखनी, बंजारा बोली, गोंडी आणि कोलामी कानी पडतात. किनवटकडील कोलामीला तर भाषाशास्त्रात स्वतंत्र स्थान आहे. एमेनो यांचे १९५५ चे कोलामी व्याकरण वर्ध्याकडील बोलीवर आधारलेले असले, तरी बरो आणि एमेनो यांच्या द्राविडी व्युत्पत्तिकोशात किनवटची बोली म्हणून वेगळी खूण करून शब्द दिलेले आढळतात. जर्मनच्या अध्यापकाने वर्गात कोणाची घरची भाषा कोणती हे आधी विचारून घ्यावे, असे आमचे मत आहे, कारण आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने या भाषा दोन बाजूंस पडतात. मराठीचा ‘ला’ आणि दखनीचा ‘को’ हे कर्म व संप्रदान दोन्ही एकाच रूपाने दाखवितात. तेलुगू आणि कोलामी ती वेगळ्या प्रत्ययांनी दाखवितात. तेलुगूत ‘मला पाहिले’ यातील ‘मला’ म्हणजे ‘नन्नु’, आणि ‘मला दिले’ यातील ‘मला’ म्हणजे ‘नाकु’. ज्या मुलाच्या घरी तेलुगू बोलली जाते त्याला ‘नन्नु म्हणजे मिश, नाकु म्हणजे मीर’ एवढे सांगितले की मूळ भेद समजावून सांगण्याचे कारण उरत नाही. पुण्यातील शुद्ध मराठी घरातल्या मुलाला हे साधन उपलब्ध नाही. सीमेवरचा विद्यार्थी भाषेत मागे पडतो अशी जी सर्वसाधारण समजूत आहे तिच्या नेमके उलट येथे दिसते.

तेलुगूचा उपयोग एवढ्यावर संपत नाही. आपला विषय द्वितीया मागणाऱ्या अव्ययांचा आहे, आणि तसे शब्द तेलुगूत प्रत्यक्ष आहेत. ‘माझ्याविषयी’ या अर्थी तेलुगूत ‘नन्नु गुरिंचि’ म्हणतात. ‘त्याविषयी’ याला ‘दान्नि गुरिंचि’. ‘त्यावरून, त्यानुसार’ याला ‘दान्नि बट्टि’. ‘गुरिंचि’ व ‘बट्टि’ यांच्यामागे येणारे रूप द्वितीयेचे आहे. (‘ना गुरिंचि’ असेही आज सर्रास बोलतात, ही गोष्ट वेगळी.) जर्मनमध्ये ‘माझ्याविषयी’ म्हणजे ‘यूबर मिश’, ‘यूबर मीर’ म्हटले तर अर्थ ‘माझ्या डोक्यावर’ असा होईल. तेलुगूतील ‘नन्नु’ आणि जर्मनमधील ‘मिश’ येथे एकाच जागी आहेत. फरक इतकाच की, तेलुगूत अव्यय नामामागून येते, जर्मनमध्ये नामापूर्वी.

मराठीत शब्दयोगी अव्ययापूर्वी नामाचे सामान्यरूप होते : घरासाठी, घराविरुद्ध, घराभोवती, घराशिवाय, घरातून. अव्यय कोणतेही असो, ‘घरा’ हे रूप बदलत नाही. हे सामान्यरूप ऐतिहासिक दृष्ट्या बहुतांशी प्राकृतातील षष्ठीपासून आलेले आहे. ‘माझ्यासाठी’, ‘त्याच्याविरुद्ध’ यांत तर षष्ठी अजून स्पष्ट दिसते. म्हणजे मराठीच्या मते अव्ययांना एकच सर्वसामान्य विभक्ती पुरते. जर्मनला तीन लागतात : काही अव्ययांना द्वितीया, काहींना चतुर्थी, थोड्यांना षष्ठी. एकास तीन हा हिशेब विद्यार्थ्याला मनमानी वाटतो, आणि पाठांतराची सक्ती केली की तो तसाच वाटत राहतो.

तो मनमानी नाही, हे संस्कृत जाणणाऱ्यास थोडक्यात दाखविता येते. पाणिनीने काही अव्ययांना ‘कर्मप्रवचनीय’ अशी संज्ञा दिली आणि अष्टाध्यायीच्या दुसऱ्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात त्यांच्या योगे द्वितीया सांगितली. ‘नदीम् अनु’ म्हणजे नदीच्या कडेने, ‘ग्रामं परितः’ म्हणजे गावाभोवती, ‘ज्ञानं विना’ म्हणजे ज्ञानाशिवाय. (‘परितः’, ‘अभितः’ यांची द्वितीया वार्तिकात सांगितली आहे, आणि ‘विना’ला द्वितीयेबरोबर तृतीया व पंचमीही चालतात, पण द्वितीया चालते हे आपल्याला पुरे.) ‘उम’ हा जर्मन शब्द आणि संस्कृत ‘अभितः’ हे तर एकाच मुळापासूनचे आहेत, आणि ‘डुर्श’चे नाते वेदातील ‘तिरः’शी सांगितले जाते, जेथे ते ‘पलीकडे, आरपार’ या अर्थी द्वितीयेसह येते. ओटो ब्योटलिंक यांनी अष्टाध्यायी जर्मनीत छापली आणि पुढे १८८७ मध्ये जर्मन भाषांतरासह पुन्हा काढली. फ्रान्झ कीलहॉर्न १८६६ पासून पंधरा वर्षे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होते आणि त्यांनी महाभाष्याची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. या विद्वानांना पाणिनीची द्वितीया परकी वाटली नसावी. घरच्या भाषेत ती त्यांच्या रोजच्या बोलण्यात होती.

मग चतुर्थी घेणारी ‘मिट’ (सह), ‘फोन’ (पासून), ‘आउस’ (आतून बाहेर), ‘बाय’ (जवळ) ही अव्यये वेगळी का? याचे उत्तर असे की, जर्मन चतुर्थी ही नुसती चतुर्थी नव्हे. संस्कृतात ज्या अर्थी तृतीया, सप्तमी आणि बऱ्याच अंशी पंचमी येते ते अर्थ जर्मनमध्ये कालौघात चतुर्थीच्या रूपात विलीन झाले. ‘मिट’ हा तृतीयेचा अर्थ, ‘फोन’ व ‘आउस’ हे पंचमीचे, ‘बाय’ हा सप्तमीचा. द्वितीया मात्र आपल्या जुन्या जागी राहिली. एखाद्या वस्तूपर्यंत पोहोचणे, तिला वेढणे, तिच्यातून आरपार जाणे, तिच्यावर आदळणे, किंवा काळाचा एखादा पट्टा पूर्ण व्यापणे हे तिचे प्रांत. ‘विद्यार्थी मासं पठति’ यातील ‘मासं’ आणि ‘डेन गान्झन मोनाट’ म्हणजे ‘सबंध महिना’ यातील द्वितीया एकच आहे. हे एकदा लक्षात आले की डुर्श, उम, गेगन यांची द्वितीया पाठ करावी लागत नाही.

संस्कृतचा हा पूल ‘फ्यूर’पाशी मात्र मोडतो, आणि दुर्दैवाने यादीत सर्वांत अधिक वापरला जाणारा शब्द तोच आहे. ‘भावासाठी’ म्हणजे संप्रदान, म्हणून चतुर्थी, असे मराठी मन सांगते. संस्कृत त्याला दुजोरा देते. आणि विद्यार्थी ‘फ्यूर डेम ब्रूडर’, ‘फ्यूर मीर’ असे लिहितो. शुद्ध रूपे ‘फ्यूर डेन ब्रूडर’ आणि ‘फ्यूर मिश’. तर्काने केलेली ही चूक आहे, आणि म्हणूनच ती हट्टी आहे. तिच्यावर उपाय शब्दाच्या इतिहासात आहे. ‘फ्यूर’ आणि ‘फोर’ (समोर) ही एकाच घरची भावंडे. अठराव्या शतकापर्यंत लेखक एकाच्या जागी दुसरे सहज वापरीत, व्याकरणकारांनी नंतर त्यांची वाटणी केली. ‘फ्यूर’चा मूळ भाव कोणाच्या तरी पुढे जाऊन उभे राहणे, त्याच्या वतीने, त्याच्या जागी, असा आहे. त्यात देणे नाही, पुढे सरणे आहे. हे समजले तर द्वितीया पटते. तरीही वर्गात ‘फ्यूर मिश’ ही जोडी दहादा मोठ्याने म्हणवून घेण्याला पर्याय नाही. काही गोष्टी जिभेनेच शिकाव्या लागतात.

‘गेगन’च्या बाबतीत अडचण विभक्तीची नाही, अर्थाची आहे, आणि परिचारिकेच्या कामात ती पदोपदी आडवी येते. मराठीत आपण ‘तापाचे औषध’, ‘खोकल्यावर गोळी’, ‘दुखण्यासाठी मलम’ असे म्हणतो. जर्मन माणूस रोगाशी वैर धरतो : ‘गेगन डेन हुस्टन’, खोकल्याविरुद्ध. मराठीवरून भाषांतर करून ‘फ्यूर डेन हुस्टन’ म्हटले तर विभक्ती अगदी शुद्ध, पण औषध खोकल्याच्या भल्यासाठी दिल्यासारखे ऐकू येते. वाऱ्याविरुद्ध, भिंतीवर आदळून, नियमाविरुद्ध हे ‘गेगन’चे अर्थ मराठीशी जुळतात, वेळेच्या संदर्भात ‘गेगन आख्ट’ म्हणजे ‘आठाच्या सुमारास’, तर ‘उम आख्ट’ म्हणजे ‘बरोबर आठ वाजता’. औषध देण्याच्या वेळा लिहिताना हा फरक कामाचा आहे.

‘ओने’ सोपा आहे. त्याच्या पुढे बहुधा नाम उपपदाशिवायच येते, त्यामुळे विभक्ती दिसण्याचा प्रसंग कमी. ‘बिस’ एकटा असला तर द्वितीया घेतो, ‘बिस नेखस्टन मोंटाग’, येत्या सोमवारपर्यंत; परंतु बहुतेक वेळा त्याच्यामागून ‘त्सू’सारखे दुसरे अव्यय येते आणि मग विभक्ती त्या दुसऱ्याची चालते.

संस्कृत किंवा तेलुगू न येणाऱ्या विद्यार्थ्याचे काय, हा प्रश्न राहतो. त्याच्यासाठीही मराठीत एक साधन आहे, आणि त्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही असे वाटते. शब्दयोगी अव्यये सामान्यरूप घेतात हे खरे. परंतु ‘-ऊन’ प्रत्ययाची धातुसाधिते जेव्हा अव्ययासारखी वापरली जातात तेव्हा ती ‘ला’ घेतात, कारण त्यांच्यातील क्रियापद अजून जिवंत असते व त्याला कर्म हवे असते. ‘त्याला सोडून सगळे आले’, ‘नदीला धरून वाट जाते’, ‘गावाला वेढून डोंगर आहेत’, ‘मला उद्देशून बोलला’, ‘भिंतीला धडकून थांबली’. आता ही रूपे जर्मन यादीसमोर ठेवून पाहा : ओने म्हणजे ‘त्याला वगळून’, उम म्हणजे ‘गावाला वेढून’, गेगन म्हणजे ‘भिंतीला धडकून’, फ्यूर म्हणजे ‘मला उद्देशून’, डुर्श म्हणजे ‘अरण्य भेदून’. प्रत्येक ठिकाणी मागे कर्म उभे आहे. तेलुगूतील ‘गुरिंचि’ही याच घडणीचे, मुळात क्रियापदापासून बनलेले रूप आहे, आणि संस्कृतातील ‘माम् उद्दिश्य’ही तसेच. अर्थात ही तुलना स्मरणाची सोय आहे. जर्मन अव्यये धातुसाधितांपासून निघाली असा तिचा अर्थ नव्हे. ती मुळात स्वतंत्र क्रियाविशेषणे होती, आणि द्वितीया वाक्यातील गतिवाचक क्रियापदामुळे येत असे. शिवाय ही कसोटी दोन ठिकाणी फसते. ‘मिट’चे भाषांतर ‘भावाला घेऊन आला’ असे होऊ शकते, आणि ‘आउस’चे ‘घर सोडून गेला’ असे. हे दोन अपवाद पहिल्याच दिवशी सांगून टाकावेत.

विभक्ती ओळखली तरी ती दाखवावयाची कशी? येथे जर्मनने उदारता दाखविली आहे. द्वितीयेत फक्त पुल्लिंगी एकवचन बदलते : ‘डेर’चे ‘डेन’, ‘आइन’चे ‘आइनन’. स्त्रीलिंगी ‘डी’, नपुंसकलिंगी ‘डास’ आणि अनेकवचनी ‘डी’ ही प्रथमेसारखीच राहतात. म्हणजे ही सगळी चिंता पुल्लिंगी नामांपुरती आहे. मराठीला तीन लिंगे आहेत हा आपला फायदा. इंग्रजी भाषकाला लिंग या कल्पनेपासूनच सुरुवात करावी लागते. मात्र लिंगे जुळतीलच असे नाही. आपले जंगल नपुंसक, नदी स्त्री, झाड नपुंसक. जर्मनमध्ये ‘वाल्ट’, ‘फ्लुस’, ‘बाउम’ तिन्ही पुल्लिंगी. ‘पाट्सिएंट’, म्हणजे रुग्ण, यासारखी काही पुल्लिंगी नामे स्वतःही ‘-एन’ घेतात : ‘फ्यूर डेन पाट्सिएंटन’. आणि ‘डेन’ दिसला म्हणजे द्वितीया असे समजण्यातही धोका आहे, कारण चतुर्थीच्या अनेकवचनातही ‘डेन’च येते : ‘मिट डेन किंडर्न’, मुलांबरोबर.

यापुढची पायरी म्हणजे ‘इन’, ‘आन’, ‘आउफ’, ‘यूबर’, ‘उन्टर’, ‘हिन्टर’, ‘नेबन’, ‘फोर’, ‘त्स्विशन’ ही नऊ अव्यये. ती कधी द्वितीया घेतात, कधी चतुर्थी. मराठी भाषकाची खरी कसोटी येथे लागते. ‘तो किनवटला राहतो’ आणि ‘तो किनवटला गेला’. ‘जंगलात आहे’ आणि ‘जंगलात गेला’. स्थिती असो वा गती, मराठीचा प्रत्यय बदलत नाही; भेद क्रियापदावर सोपविलेला आहे. संस्कृतात ‘वने वसति’ आणि ‘वनं गच्छति’ असा सप्तमी-द्वितीयेचा भेद होता. जर्मनने तोच ‘इम वाल्ट’ (चतुर्थी) आणि ‘इन डेन वाल्ट’ (द्वितीया) असा राखला आहे. पुस्तकांतून ‘गती असेल तर द्वितीया’ असा नियम देतात. तो अपुरा आहे आणि सोडून द्यावा. जंगलातल्या जंगलात पळणाऱ्या माणसाला गती आहे, तरी ‘एर लॉइफ्ट इम वाल्ट’ असेच म्हणतात. बाहेरून आत शिरला तरच ‘इन डेन वाल्ट’. सीमा ओलांडली जाते की नाही, एवढेच पाहावयाचे. उलट ‘नाख’ आणि ‘त्सू’ या अव्ययांत निखळ गती असूनही ती नेहमी चतुर्थीच घेतात. किनवटला जाणे म्हणजे ‘नाख किनवट’, वैद्याकडे जाणे म्हणजे ‘त्सुम आर्ट्स्ट’. मराठी क्रियापदांच्या जोड्या येथे उपयोगी पडतात. बसविणे-बसणे, निजविणे-निजणे, टांगणे-लटकणे यांपैकी प्रयोजक किंवा सकर्मक रूप जेथे येते तेथे जर्मनमध्ये ‘झेट्सन’, ‘लेगन’ यांसारखे क्रियापद आणि द्वितीया. अकर्मक रूप येते तेथे ‘झिट्सन’, ‘लीगन’ आणि चतुर्थी.

‘वाट पाहणे’, ‘आठवण करणे’ अशा क्रियापदांबरोबर हीच अव्यये येतात तेव्हा जागेचा विचार लागू पडत नाही. ‘आउफ’ आणि ‘यूबर’ अशा ठिकाणी बहुतेक द्वितीया घेतात, म्हणून ‘आउफ डेन आर्ट्स्ट’ वाट पाहावयाची. ‘आन’ मात्र दोन्हीकडे असतो, भावाची आठवण द्वितीयेने आणि रोगाने पीडित असणे चतुर्थीने. ही रूपे क्रियापदासह एकेक शिकावी लागतात.

शेवटी ‘एन्टलांग’विषयी. पैनगंगेच्या काठाकाठाने जाणाऱ्या वाटेचे वर्णन करावयाचे तर जर्मनमध्ये ‘डेन फ्लुस एन्टलांग’ असे म्हणतात : आधी द्वितीयेतील नाम, मागून अव्यय. अव्यय मागे ठेवण्याची ही रीत जर्मनमध्ये विरळ असली, तरी मराठी, तेलुगू आणि कोलामी बोलणाऱ्यांना ती घरची आहे. ‘नदीला धरून’ याचा तो शब्दशः जोड म्हणता येईल. म्हणून किनवटच्या वर्गात यादीची सुरुवात या शब्दाने करावी, असे आम्ही सुचवू. अव्यय नामाच्या पुढे आणले तर ‘एन्टलांग डेम फ्लुस’ अशी चतुर्थी होते, आणि ‘आम फ्लुस एन्टलांग’ हा चतुर्थीचा तिसरा प्रकारही प्रचारात आहे. हे दोन्ही प्रकार दुसऱ्या वर्षापर्यंत पुढे ढकलण्यास हरकत नाही.